पिन बसली, पण चालंना: पोर्ट-केबलच्या रोजच्या तक्रारींचा उलगडा

‘दादा, पिन तर घट्ट बसलीय, मग चालंना कामून?’

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे आणि हा प्रश्न मी रोज ऐकतो. कधी फोनवर, कधी मोटारसायकलवर मागं बसून मांडीवर सीपीयू धरून आलेल्या माणसाच्या तोंडून. यातल्या बऱ्याच मशीनचा मी स्क्रूसुद्धा काढत नाही. एका भोकातली केबल काढतो, दुसऱ्यात लावतो, मशीन चालू होतं, आणि मग ‘किती द्यायचे?’ यावर गिऱ्हाईक आणि मी दोघंही अवघडतो. पंधरा किलोमीटरवरून आलेल्या माणसाकडून भोक बदलायचे काय घ्यायचे? म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय.

घोळ होतो तो असा. पिनचा आकार जुळला की कामही जुळलं, असं आपण धरून चालतो. दोन इंची कपलिंग दोन इंची पाइपाला बसणारच. त्या पाइपाच्या पलीकडं मोटार आहे का, आणि असली तर विहिरीत पाणी आहे का, हे कपलिंगला काय ठाऊक? पोर्टाचंही तसंच. बाहेरचं भोक सारखं, मागची जोडणी वेगळी.

याचा सगळ्यात गमतीचा नमुना म्हणजे यूएसबी आणि लॅन, म्हणजे इंटरनेटच्या तारेचं भोक. यूएसबीची चपटी पिन लॅनच्या चौकोनी भोकात आरामात जाते, कारण दोघांची रुंदी जवळपास सारखी. सीपीयू भिंतीला टेकवलेला असतो, माणूस मागून हात घालून चाचपडत किबोर्ड लावतो आणि तो नेमका तिथं जातो. बसतो, पडत नाही, चालतही नाही. एका गुरुजींनी किबोर्ड गेला म्हणून नवा घेतला आणि तोही त्याच भोकात लावला. त्यामुळं माझा पहिला सल्ला फुकटाचा आहे: सीपीयू पुढं ओढा, मोबाइलचा टॉर्च लावा, आणि हातानं नाही, डोळ्यानं बघून पिन लावा.

पडदा काळा, वर ‘नो सिग्नल’

मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतोय म्हणजे तो जिवंत आहे, त्याला वीज मिळतेय. त्याला फक्त चित्र मिळत नाही. आधी मॉनिटरच्या बटणातून इनपुट बघा. केबल एचडीएमआयची (नवी चपटी पिन) आणि मॉनिटर व्हीजीएवर (जुनी निळी पिन) वाट बघत बसलाय, हे फार वेळा असतं.

ते बरोबर असेल तर केबल सीपीयूला कुठं लावलीय ते बघा. मागं वरच्या भागात यूएसबी, लॅन, आवाजाची भोकं यांच्या घोळक्यात असलेला एचडीएमआय मदरबोर्डचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचा. त्याखाली आडव्या पट्टीत वेगळी भोकं दिसली तर ती ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे चित्रासाठी वेगळ्या बसवलेल्या कार्डाची. कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची. पुष्कळ मशीनमध्ये कार्ड बसलं की वरचं भोक आपोआप गप्प होतं.

आता खरी फसगत. कार्ड नाही, केबल मदरबोर्डलाच लावलीय, तरी पडदा काळा. अशा वेळी प्रोसेसरचा नंबर बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबराशेवटी ‘एफ’ असतो, उदाहरणार्थ आय-फाइव्ह १२४००एफ, त्यात चित्र काढणारा भागच नसतो. मदरबोर्ड मात्र त्या जातीच्या सगळ्या प्रोसेसरांसाठी एकच बनवलेला, म्हणून त्यावर एचडीएमआयचं भोक बहुधा असतंच. भोक आहे, मागं कुणी नाही. स्वस्तात मशीन जुळवून घेणाऱ्या पोरांना हा फटका बसतो. ग्राफिक्स कार्ड विकून टाकतात आणि मग ‘बोर्ड गेला’ म्हणत येतात.

आमच्याकडं शाळांत आणि कचेऱ्यांत अजून निळ्या पिनेचे मॉनिटर आणि प्रोजेक्टर आहेत. ही व्हीजीएची पिन, तीन ओळींत १५ टोकं, आयबीएमनं १९८७ साली आणलेली. तिच्यातून चित्र लहरीच्या रूपात जातं, एचडीएमआयमधून आकड्यांच्या रूपात. म्हणून दोघांमध्ये भाषा बदलणारी चिप लागते, नुसत्या तारा जोडून भागत नाही. आणि ती चिप एकाच दिशेनं काम करते. लॅपटॉपच्या एचडीएमआयवरून जुन्या प्रोजेक्टरला न्यायचा कन्व्हर्टर वेगळा, जुन्या सीपीयूच्या व्हीजीएवरून नव्या टीव्हीला न्यायचा वेगळा. दुकानात ‘एचडीएमआय-व्हीजीए द्या’ एवढंच म्हणाल तर हाताला लागेल तो मिळेल. ‘कुठून कुठं’ ते सांगून मागा. आवाज व्हीजीएतून जातच नाही, त्यासाठी कन्व्हर्टरच्या बाजूला हेडफोनचं छोटं भोक असतं. कन्व्हर्टर मधेच बंद पडत असेल तर त्याला मायक्रो यूएसबीची जागा आहे का बघा आणि तिथं वेगळी वीज द्या. एचडीएमआयच्या पोर्टातून वीज अगदी थोडी मिळते.

व्हीजीएचं एक मात्र बरं आहे, ती बिघाड रंगात सांगते. पांढरं पान पिवळं दिसलं तर निळ्याची तार तुटली. गुलाबी-जांभळं दिसलं तर हिरव्याची. निळसर-हिरवं दिसलं तर लाल गेला. बहुतेक वेळा तार तुटलेली नसते, जोर लावून बसवताना पिन वाकलेली असते. रिकाम्या रिफिलचं टोक काढा, ती नळी वाकल्या पिनेवर चढवा आणि हळूच सरळ करा. घाई केली की पिन मोडते आणि मग नवीच केबल घ्यावी लागते. मधल्या ओळीत एक पिन नाहीच असं दिसलं तर घाबरू नका. कित्येक केबलींत ती जागा मुळातच रिकामी असते.

पांढऱ्या पट्टीसारखी डीव्हीआय, ही चित्राचीच आणखी एक पिन, आता फार दिसत नाही. तिच्यात एक आडवं पातं असतं. पोर्टावर त्या पात्याभोवती चार बारीक भोकं असतील तरच साध्या जोडणीनं व्हीजीए निघतं, नाहीतर नाही. डिस्प्लेपोर्ट हेही चित्राचंच भोक, एचडीएमआयसारखंच दिसतं, पण त्याचा एक कोपरा तिरका कापलेला असतो. त्याच्या पिनेला बहुतेक वेळा वर एक बटण असतं. ते दाबल्याशिवाय ओढू नका, पोर्ट बोर्डापासून उखडून हातात आलेलं मी पाहिलंय. कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टातून मॉनिटरच्या एचडीएमआयला जाणारी साधी केबल चालते. तीच उलटी लावली तर चालत नाही, कारण डिस्प्लेपोर्टाला बहुधा एचडीएमआयची भाषा बोलता येते, एचडीएमआयला मात्र डिस्प्लेपोर्टची येत नाही.

फिंगरप्रिंट मशीन मधेच झोपतं

जुलैच्या शेवटाला पीक विम्याची गर्दी, जूनमध्ये दाखल्यांची. सेवा केंद्रात दारापर्यंत रांग, म्हाताऱ्या मामांचा अंगठा काचेवर, आणि पडद्यावर ‘डिव्हाइस नॉट फाउंड’. केंद्रचालक घामाघूम होऊन फोन करतो, ‘आरडी सर्व्हिस तीनदा टाकली, बगा.’ (म्हणजे फिंगरप्रिंट मशीन चालवणारं सॉफ्टवेअर.) मी विचारतो, मशीन लावलंय कुठं? उत्तर ठरलेलं: पुढच्या बाजूला.

पुढचा यूएसबी पोर्ट म्हणजे मदरबोर्डवरून आतल्या आत आणलेली एक बारीक वायर आणि तिच्या टोकाला ठोकलेलं भोक. स्वस्त कॅबिनेटमध्ये ती वायर अशी काही बारीक असते की बोलू नका. यूएसबीचे ५ व्होल्ट तिच्यातून येईपर्यंत थकतात. मागची भोकं थेट बोर्डावर असतात. ज्या यंत्रावर तुमची रोजीरोटी आहे ते मागं लावा, पुढं पेनड्राइव्ह लावा.

त्यानंतर नंबर एक्स्टेन्शन आणि हबचा. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंतच धरायची असते, तीही चांगल्या तारेची. काउंटरच्या टोकापर्यंत मशीन न्यायचं म्हणून दोन एक्स्टेन्शन जोडली की कुरकुर सुरू. हबची गोष्ट अशी की साध्या २.० पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळायचे असतात आणि चार भोकांच्या हबवर ते चौघांत वाटले जातात. किबोर्ड-माउसला फार लागत नाही. पण त्याच हबवर फिंगरप्रिंट मशीन, वेबकॅम आणि बाहेरची हार्डडिस्क असेल तर ताटात भाकरी एक आणि जेवणारे चार. हब लागतच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.

एवढं करूनही मशीन दहा मिनिटं चालतं आणि झोपतं असं होत असेल, तर विंडोज वीज वाचवायला पोर्ट बंद करतंय. डिव्हाइस मॅनेजर उघडा, सगळ्यात खालच्या यूएसबीच्या यादीत ‘यूएसबी रूट हब’ असेल, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट. तिथं वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण असते, ती काढून टाका. असे दोन-तीन रूट हब असतात, सगळ्यांची काढा. आमच्या एका गिऱ्हाइकानं या खुणेपायी दोन मशीनं बदलली होती.

कान उघडे ठेवले तर निदान सोपं होतं. पिन घातल्यावर विंडोजचा ‘टुणुक’ आवाज येतो. तो येतो-जातो-येतो असं चालू असेल तर पिन ढिली आहे किंवा वीज कमी पडतेय. आवाजच नाही, पण मशीनचा दिवा लागलाय, असं असेल तर केबल तपासा. यूएसबीच्या साध्या केबलीत चार तारा असतात, लाल-काळी विजेची, पांढरी-हिरवी माहितीची. दिवा लाल-काळीवर लागतो. पांढरी-हिरवी तुटली असेल, किंवा केबल नुसती चार्जिंगची असून त्या दोन तारा तिच्यात घातलेल्याच नसतील, तर कॉम्प्युटरला काहीच कळत नाही. प्रिंटरच्या चौकोनी पिनेच्या केबलीतही हेच. पोर्ट बदलल्यावर मात्र मिनिटभर थांबा. विंडोज त्याला नवा पाहुणा समजून ड्रायव्हर पुन्हा बसवतं.

निळ्या जिभेच्या भोकाबद्दल दोन गोष्टी. निळं म्हणजे बहुधा यूएसबी ३.०, २००८ सालचं, ५ गिगाबिटचं. जुन्या २.० चा वेग ४८० मेगाबिट. जास्तीची पाच टोकं पेनड्राइव्हच्या पिनेत आत खोल असतात, म्हणून पेनड्राइव्ह अर्धवट किंवा फार हळू घातला तर तो कधीकधी जुन्याच वेगानं धरला जातो. फाइल कॉपी व्हायला तास लागतोय? काढा आणि झटक्यात पूर्ण घाला.

दुसरी गोष्ट ऐकून लोक माझ्याकडं संशयानं बघतात. निळ्या पोर्टाला हार्डडिस्क लावली की शेजारचा वायरलेस माउस अडखळतो. माउस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि यूएसबी ३.० च्या केबल-पोर्टातून त्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. शेजारी डीजे लागल्यावर घरात कुणाचं बोलणं ऐकू येतं का? माउसची ती बारकी पिन दूरच्या भोकात लावा, नाहीतर हातभर एक्स्टेन्शनवर घ्या. माउसचे सेल बदलत बसू नका.

टाइप-सी

खरा गोंधळ इथंच आहे. २०१४ सालची ही पिन, २४ टोकांची, उलटी-सुलटी कशीही बसते. त्यामुळं लोकांना वाटलं, आता सगळं एक झालं. झालं उलटंच. पूर्वी भोक बघून काम कळायचं, आता भोक एकच आणि कामं दहा. एका लॅपटॉपच्या टाइप-सीतून चार्जिंग, चित्र, माहिती तिन्ही होतं. दुसऱ्याच्या तशाच भोकातून फक्त पेनड्राइव्ह चालतो. शेजारी आभाळातल्या विजेसारखी छोटी नागमोडी खूण असेल तर थंडरबोल्ट (चित्र आणि माहिती दोन्ही वेगानं नेणारी जोडणी), ‘डी’ आणि ‘पी’ जोडल्यासारखी खूण असेल तर चित्र निघतं. काहीच खूण नसेल तर मॉडेलची माहिती वाचल्याशिवाय टाइप-सीवरून एचडीएमआय काढायचा डोंगल (छोटा जोड) विकत घेऊ नका. तो परत कुणी घेत नाही, मीही घेत नाही.

केबलींतही भेद आहे. मोबाइलच्या खोक्यातली टाइप-सी केबल बहुधा २.० च्या वेगाची असते, तिच्यातून मॉनिटर चालत नाही. ६० वॅटच्या वरचं चार्जिंग हवं तर केबलीच्या पिनेत ओळख सांगणारी चिप लागते, ती नसली की चार्जर आपणहून हात आखडता घेतो. मोबाइलचा १८ वॅटचा चार्जर ६५ वॅटच्या लॅपटॉपला लावून ‘बॅटरी भरंना’ म्हणणाऱ्यांना मी फक्त चार्जरवरचे बारीक अक्षर वाचून दाखवतो. आणि स्वस्तातला ब्लूटूथ स्पीकर किंवा ट्रिमर दोन्हीकडं टाइप-सी असलेल्या केबलीवर चार्ज होत नसेल, तर तो बिघडला असं नाही. चार्जरला ‘वीज सोड’ सांगणारे दोन बारीक रेझिस्टर आत बसवायचे कंपनीनं टाळलेले असतात. जुन्या चपट्या यूएसबीकडून टाइप-सीकडं जाणारी केबल लावा, चालेल.

टाइप-सी ढिली झाली असं वाटलं की आधी आत बघा. मानवतच्या बाजूनं, जिनिंगच्या आसपासहून येणाऱ्या मोबाइल-लॅपटॉपांच्या भोकांत कापसाची तुसं दाबून दाबून नमद्यासारखी झालेली असतात. मशीन बंद करा आणि लाकडी टूथपिकनं हळूच उकरा. सुई नको, फुंकर तर नकोच, तोंडातला ओलावा आत जातो. रॉकेल, खोबरेल वगैरे घालणाऱ्यांना हात जोडतो.

लॅन, आणि बाकीचं थोडक्यात

इंटरनेट शंभरच्या वर जाईना, योजना तर तीनशेची आहे, ही तक्रार हल्ली वाढलीय. लॅनच्या केबलीत आठ तारा. १०० मेगाबिटला त्यातल्या चारच पुरतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. गिगाबिटला आठही लागतात. उंदरानं निळी किंवा तपकिरी तार कुरतडली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप शंभरवर येतं. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, तिथं १०० दिसलं तर आधी केबल आणि तिच्या दोन्ही टोकांच्या पिना बघा. राउटरची पोर्टंच शंभरची असली तरी हेच दिसतं, म्हणून दुसऱ्या केबलीनं ताडून बघा.

पिन मारताना ‘दोन्हीकडं सारखे रंग लावले की झालं’ म्हणणारे वायरमन आहेत. झालं नाही. तारा जोडीजोडीनं पिळलेल्या असतात आणि ३-६ ही एकच जोडी असावी लागते. नेहमीचा क्रम पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मनाच्या क्रमानं लावलेली केबल टेबलावर चालते आणि वरच्या मजल्यापर्यंत नेली की रडते. पिनेची प्लॅस्टिकची कडी तुटली असेल तर चिकटपट्टी लावू नका, पिन कापून नवी मारा. टेलिफोनची बारकी पिनही लॅनच्या भोकात बसते, पण कडेची टोकं दाबली जाऊन वाकतात.

एम-डॉट-टूच्या एसएसडीत (हार्डडिस्कच्या जागी बोर्डावर बसणारी पट्टी) तोच जुना डाव आहे: साटा आणि एनव्हीएमई या तिच्या दोन जाती, दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात, स्लॉट कधी एकीलाच ओळखतो. घेण्याआधी बोर्डाची माहिती वाचा. जुन्या हेडफोनच्या हिरवी-गुलाबी अशा दोन पिना असतील आणि लॅपटॉपला भोक एकच असेल तर माइक चालणार नाही, दोन्ही एकत्र करणारा जोड लागतो. जांभळ्या-हिरव्या गोल पिनेचा किबोर्ड-माउस मशीन बंद करूनच लावा.

अंगाला मुंग्या

शेवटची तक्रार दिसते पोर्टाची, पण असते भिंतीची. सीपीयूला हात लावला की मुंग्या येतात, आणि टीव्हीला एचडीएमआय लावताना ठिणगी उडून पोर्ट गेलं. सीपीयूच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याला जोडलेले. अर्थिंग ठीक असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून झटका बारीक लागतो. पण पलीकडं डिशच्या केबलीतून जमिनीशी जोडलेला टीव्ही असला की तोच करंट नाजूक पोर्टातून वाट काढतो. म्हणून केबल लावताना दोन्ही यंत्रं बंद करून बोर्डातून काढा, केबल बसवा, मग चालू करा. आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडले की नुसतं बटण नाही, लॅन आणि डिशची केबलसुद्धा ओढून ठेवा.

टेस्टर पत्र्याला लावला आणि दिवा पेटला तर वायरमनला बोलवा. बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ तारेनं जोडून देतो म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल तुटलं तर अख्खा पत्रा पूर्ण विजेवर येतो, मग मुंग्यांवर भागत नाही. आमच्या काळ्या मातीचं म्हणाल तर मार्च-एप्रिलला ती भेगाळते, अर्थिंगच्या पाटीपासून सुटते, आणि पावसाळ्यात चांगली चाललेली मशीनं उन्हाळ्यात चटके द्यायला लागतात. वायरमनकडून खड्ड्यात मीठ-कोळसा पुन्हा भरून घ्या आणि पाऊस लागेपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. भांडी धुतलेलं पाणी असलं तरी चालतं.